तीन बोटींचा कौल

शनिवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी सदाशिव परबने डिचोलीतल्या आपल्या घरी जेवणाच्या टेबलावरची पावांची परडी उचलून फ्रिजवर ठेवली आणि तिच्या जागी एक तक्ता पसरला. चार कागद डिंकाने जोडून केलेला. त्यात तीन ओळी होत्या, एकेका क्रूझ कंपनीची एकेक, आणि एक्केचाळीस रकाने.

"चहा कुठे ठेवू?" बायकोने, सुमनने विचारले. तिच्या दोन्ही हातांत कप होते.

"जरा हातातच धर."

सुमन शेजारच्या साखळी गावातल्या एका हायस्कुलात गणित शिकवायची. तिने एक कप 'बाथरूमची मापे' या रकान्यावर ठेवला आणि दुसरा घेऊन स्वतः बसली.

प्रकरण असे होते. बारा मे रोजी मुरगाव बंदरातून निघायचे, दर्यावर पाच दिवस काढायचे आणि सोळाला परत मुरगावला उतरायचे. जाणार तिघे: सदाशिव, सुमन आणि त्यांची एकुलती एक मुलगी वत्सला. बारावीचा निकाल लागला होता. जुलैत वत्सला शिकायला बेंगळुरूला जायची होती. त्यानंतर ती घरी येईल ती पाहुणीसारखी, हे सदाशिवला कुणी सांगितले नव्हते. तो निष्कर्ष त्याने स्वतःच काढला होता, आणि काढल्यापासून त्याची झोप उडाली होती. जायचे तर आताच. तिन्ही कंपन्यांनी त्याच्या नावावर एकेक केबिन सोमवारी संध्याकाळी आठपर्यंत राखून ठेवली होती.

अडचण एकच होती. वत्सला येते म्हणाली नव्हती. नाही असेही म्हणाली नव्हती. 'बघू' म्हणाली होती.

सदाशिव एका खाण कंपनीच्या प्रयोगशाळेत खनिजाची प्रत तपासायचा. खाणी बंद होत्या त्या वर्षांत विहिरींचे पाणी तपासायचा. बावीस वर्षांत त्याने पास केलेली माती मुरगावहून जहाजांत बसून चीन-जपान बघून आली. तो स्वतः मात्र फेरीबोटीच्या पलीकडे गेला नव्हता, आणि फेरीबोटीतही मधल्या खांबाला धरून उभा राहायचा. एका नमुन्यावर निकाल द्यायचा नाही, ही त्याची सवय. भाजीवाल्याकडे तो टोमॅटो तीन कोपऱ्यांतून उचलायचा. हे हास्यास्पद आहे हे त्याला ठाऊक होते. ठाऊक असून थांबता येत नव्हते.

तेव्हा तीन बोटी. नीलतरंग, सी-मोगरा आणि सप्तद्वीप.

एक्केचाळीस रकान्यांपैकी एकोणचाळीस त्याने एका संध्याकाळी भरून टाकले. कठड्याची उंची, डॉक्टर किती, शाकाहारी स्वयंपाकघर वेगळे की एकाच तव्यावर, तिसरी खाट जमिनीवरची की भिंतीतून उतरणारी. वयासंबंधीच्या उरलेल्या दोन रकान्यांनी त्याचे नऊ दिवस खाल्ले. कारण वत्सलाचा वाढदिवस चौदा मेला. म्हणजे ती बोटीत चढताना सतरा वर्षांची असणार आणि उतरताना अठराची.

बोटीवर प्रत्येकाच्या मनगटाला पट्टी बांधतात. सतरापर्यंत पिवळी, अठरापासून निळी. पिवळी पट्टीवाल्याने रात्री दहानंतर आईबापाशिवाय वरच्या मजल्यावर फिरायचे नाही. निळीवाल्याने कुठेही जावे. सदाशिवने तिन्ही कंपन्यांना पत्र लिहिले: आमची कन्या प्रवासाच्या तिसऱ्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण करीत आहे, तरी पट्टी नेमकी केव्हा बदलेल?

नीलतरंगने कळवले, चढतानाचे वय तेच शेवटपर्यंतचे. सी-मोगराने कळवले, उतरतानाचे वय ते पहिल्यापासूनचे. सप्तद्वीपच्या कुणा जबाबदार माणसाने मात्र सविस्तर लिहिले, की वाढदिवसाच्या सकाळी आठ वाजता स्वागतकक्षात ओळखपत्र दाखवल्यास पट्टी बदलून मिळेल, मात्र सोबत पालक हजर असणे आवश्यक. आपल्याला आता पालकाची गरज नाही हे सांगायला मुलीने पालकाला घेऊन यायचे! सदाशिवला हा नियम अतिशय आवडला. त्याने सप्तद्वीपला त्या रकान्यात दहापैकी दहा गुण दिले. तरी बेरीज शंभरात बसवल्यावर नीलतरंग एकाहत्तर, सी-मोगरा साडेसत्तर, सप्तद्वीप एकाहत्तर. कठड्याची उंची आडवी आली होती.

नऊ वाजून दहा मिनिटांनी वत्सला उठून आली. वत्सला हे नाव तिच्या पणजीचे. सदाशिवच्या हट्टामुळे ते तिला मिळाले होते आणि शाळेत तिच्या बाकावरच्या मुली तिला 'आजी' म्हणत. तिने फ्रिजवरून पाव काढला, उभ्याउभ्याच कुरतडला आणि तक्त्यावर वाकली.

"हे काय, पप्पा? दर्याला टेंडर काढलंय?"

"तुलनात्मक तक्ता आहे. तुझ्यासाठीच केला."

"माझ्यासाठी?" तिने बोट फिरवत फिरवत शोधले. "हां, ही मी. रकाना सतरा. 'मूल'." आणि मोठ्याने वाचू लागली, "'मूल: करमणुकीची सोय, देखरेख, रात्री परतण्याची वेळ. मूल: पोहताना जीवरक्षक.' पप्पा, मी डिचोली तालुक्यात दुसरी आले होते पोहण्यात."

"तळ्यात. तळ्याला लाटा नसतात."

"आणि बोटीवरच्या तलावाला असतात?"

सुमनने दुसऱ्या चहाचा घोट घेतला आणि खिडकीबाहेर बघू लागली. नवऱ्याशी वाद घालणे तिने केव्हाच सोडले होते. बापलेकीच्या भांडणात तर ती प्रेक्षक म्हणूनच बसायची.

"हे ऐक," सदाशिव म्हणाला. "सप्तद्वीपवर तेरा ते सतराच्या मुलांचा क्लब आहे. कॅरम आहे, भिंतीवर चढायचं आहे..."

"दोन दिवस भिंतीवर चढायचं. मग तिसऱ्या दिवशी उतरायचं, कारण मी अठराची?"

"आठ वाजता. मी येणार ना सोबत."

वत्सलाने सुमनच्या पेनांच्या डब्यातून पेन्सिल उचलली, फूटपट्टी घेतली आणि तक्त्याच्या उजव्या कडेला एक रेघ मारून बेचाळिसावा रकाना आखला. वर लिहिले: 'वत्सलाला यायचे आहे का?' खालची तिन्ही घरे रिकामी ठेवली, पावाचा उरलेला तुकडा तोंडात टाकला आणि आंघोळीला गेली.

"अक्षर सुधारलंय तिचं," सुमन म्हणाली.

सदाशिव त्या तीन रिकाम्या घरांकडे पाहत राहिला. प्रयोगशाळेत रिकामे घर ठेवून अहवाल पुढे पाठवणाऱ्या माणसाला त्याने एकदा सर्वांसमोर बोल लावले होते. आता बोल लावायला कुणी नव्हते. विचारायला हवे होते हे खरे. एक्केचाळीस गोष्टी त्याने विचारल्या होत्या, परक्या लोकांना, नमस्कार लिहून. बंद दाराआड गाणे म्हणत आंघोळ करणाऱ्या पोरीला विचारले नव्हते. कारण ती नाही म्हणाली असती तर?

नऊ पन्नासला त्याने हेल्मेट घातले.

"कुठे?"

"पेडण्याला. बाबाजीदादाकडे. काजू कसे लागलेत बघून येतो."

"तक्ता घेऊन?" सुमनने विचारले.

पेडणे तालुक्यात परबांचे मूळ गाव. तिथे सदाशिवचा थोरला चुलतभाऊ बाबाजी बागायत बघायचा आणि देवळात परबांच्या घराण्याचा मान चालवायचा. क्रूझचे कळल्या दिवसापासून तो फोनवर एकच पालुपद धरून होता: दर्यावर जायचे तर रवळनाथाचा कौल घेऊन. घर बांधायचे, लग्न ठरवायचे, माणूस परदेशी पाठवायचा, प्रत्येक वेळी या घराण्याने कौल घेतला होता. कौल म्हणजे देवाला विचारणे. गुरव मूर्तीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो आणि सगळे वाट पाहतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

सदाशिवचा यावर विश्वास नव्हता. कॉलेजात असताना सुट्टीत गावी येऊन त्याने बाबाजीला प्रयोगाने सिद्ध करून दाखवले होते, की समईच्या बाजूची पाकळी लवकर सुकते. बाबाजीने शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मगे समई खंयच्या बाजूक ठेवची, ता कोण ठरयता?"

आणि आता पन्नाशीला आलेला तोच सदाशिव, रसायनशास्त्राचा पदवीधर, अस्नोड्याच्या वाटेने स्कूटर दामटत होता आणि त्याच्या शर्टाच्या आत एक्केचाळीस अधिक एक रकाने कुरकुरत होते.

पावणेअकराला तो देवळात पोचला. बाबाजी काजूच्या बोंडवांच्या रसाने काळे झालेले हात धुऊन आला. गुरव, शंभू, पूजा आटपून निघण्याच्या बेतात होता. सदाशिवने घसा साफ केला आणि आपल्याला तीन प्रश्न विचारायचे आहेत असे सांगितले.

"तीन?" शंभू म्हणाला. "लोका एक विचारतत."

"बोटी तीन आहेत."

शंभूने तक्ता हातात घेतला, उभा धरला, आडवा धरला. पाकळ्या लावल्या. मग हात जोडून देवापुढे उभा राहिला आणि त्याचा आवाज एकदम भरदार झाला.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाबाजीने साथ दिली.

"आज ह्यो तुजो सदाशिव, परबांच्या घराण्यातलो, डिचोलीसून तुज्या पायाकडे इलो असा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या मनात बायलेक आणि चेडवाक घेवन बोटीत बसान दर्यार जावचा असा. तेतूतली पयली बोट नीलतरंग. हिका बारा माळये असत, वयर पेवूक दोन तळी असत, आणि..." शंभूने कागदाकडे तिरका डोळा केला. "ह्या काय ता?"

"वायफाय," सदाशिव पुटपुटला.

"...आणि वायफाय फुकट नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाबाजी दणक्यात म्हणाला.

सदाशिवला जमिनीने पोटात घ्यावे असे झाले. पण त्याच वेळी आपले डोळे उजव्या पाकळीवर खिळले आहेत आणि आपण श्वास रोखला आहे, हेही त्याच्या ध्यानात आले. सोळा मिनिटांनी पाकळी पडली. उजवी.

सी-मोगराची पाकळी एकवीस मिनिटांनी पडली. उजवी. सप्तद्वीपच्या वेळी बाबाजीने मध्येच विचारले, "खोलयेक बालकांव असा?" बाल्कनी आहे असे सांगितल्यावर तो म्हणाला, "मगे जातली." तीही उजवीच पडली. देवाला तिन्ही बोटी चालत होत्या. सदाशिवच्या तक्त्यापेक्षा देव अर्ध्या गुणाने कमी काटेकोर होता, एवढाच काय तो निष्कर्ष.

"आता एक चौथा," सदाशिव हळू आवाजात म्हणाला.

बाबाजी आणि शंभू त्याच्याकडे बघू लागले.

"वत्सला आमच्यासोबत येईल का, ते विचार."

शंभूने पाकळ्यांचे तबक खाली ठेवले. "ता नाय जमाचा."

"का?"

"चेडू केदा?"

"सतरा. चौदा तारखेला अठरा."

"मगे तिचा तिणा येवन विचारूक व्हया. बोटीक बोलूक येणा नाय, म्हणान बोटीच्या वतीन तू विचारलंस. चेडवाक बोलूक येता मां?"

बाबाजी हसला नाही, हे सदाशिवला जास्त लागले. परतताना त्याचे भावाला काजूबद्दल विचारायचे राहून गेले.

संध्याकाळी सदाशिवने घरी खरे सांगून टाकले. सुमन हसून हसून खुर्चीत वाकली. "वायफाय फुकट नाय, म्हाराजा," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि डोळे पुसत होती. वत्सला हसली नाही. ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती आणि काहीतरी विचार करीत होती.

"म्हणजे मी जाऊन विचारायचं?"

"तुझी इच्छा असली तर."

"मोठ्याने सांगावं लागतं?"

"शंभू गाऱ्हाणं घालतो. पण माणसाने मनातच विचारलं तरी चालतं."

"काहीही विचारलं तर चालतं?"

"हो."

"आणि काय विचारलं ते नंतर कुणाला सांगावं लागत नाही?"

"नाही लागत," सदाशिव म्हणाला. तीन कंपन्यांच्या अटी बारीक अक्षरांसकट वाचणाऱ्या माणसाने ही अट न वाचता मान्य केली. ती देवळात यायला तयार आहे, एवढेच त्याला ऐकू आले होते.

रविवारी दहाला तिघे देवळात होते. बाबाजीने स्वच्छ सदरा घातला होता. वत्सलाने पंजाबी ड्रेस घातला होता आणि केस बांधले होते. तशी ती सुमनसारखी दिसत होती. शंभूने पाकळ्या लावल्या आणि फार थोडक्यात गाऱ्हाणे घातले. परबांच्या घराण्यातले चेडू आपल्या मनातले घेऊन पायाशी उभे आहे, त्याला तुझ्या मनातले दाखव, एवढेच. "मनात विचार, बाय," तो तिला म्हणाला. "माका सांगूक नको."

वत्सलाने हात जोडले, डोळे मिटले. तिचे ओठ एकदा हलले. मग तिने डोळे उघडले आणि देवाकडे सरळ, एखाद्या परीक्षकाकडे बघावे तशी बघू लागली.

अकरा मिनिटे गेली. वीस गेली. सदाशिवने समई कुठल्या बाजूला आहे ते पाहिले. मधोमध होती. पंखा बंद होता. बाबाजीची जपमाळ फिरत होती. पस्तीस मिनिटांनी डाव्या पाकळीचे टोक सुटले आणि हलू लागले. सदाशिवने सुमनचा हात धरला. गेल्या दहा वर्षांत त्याने तो चारचौघांत धरला नव्हता. सुमनने तो सोडवून घेतला नाही.

दहा बावन्नला उजवी पाकळी पडली. डावी तशीच लोंबत राहिली.

"झाला!" बाबाजी ओरडला. "जातला चेडू! देवान सांगला!" आणि तो देवळाबाहेर जाऊन पायरीवर बसलेल्या दोघातिघांना सांगूनही आला, की सदाशिवची वत्सला बोटीने जाणार.

सदाशिवचा चेहरा फुलला. त्याने मुलीच्या पाठीवर हात ठेवला. "मग? सप्तद्वीप ना?"

"काय सप्तद्वीप?"

"कौल झाला ना. उजवा."

"हो. झाला," वत्सला म्हणाली. "मी विचारलं त्याचा."

"तेच तर. तू काय विचारलंस?"

"सांगावं लागत नाही, असं तुम्हीच म्हणालात." तिने वाकून पडलेली पाकळी बघितली, उचलली नाही. "काका, काजू बघायला जाऊया?"

ती बाबाजीबरोबर बागेत गेली. देवळाच्या दारात नवराबायको उभी राहिली. सदाशिवपाशी आता एक पक्का, निःसंशय निकाल होता, आणि तो कुठल्या नमुन्याचा हे त्याला माहीत नव्हते. असा अहवाल त्याने कुणाकडून घेतला नसता. पाठवणाऱ्याला परत पाठवला असता.

"तू विचार तिला," तो म्हणाला.

"मी कशाला? मी तर नऊ दिवस पट्टीचा रंग विचारत नव्हते कुणाला."

"सुमन, दिवस एकच राहिलाय."

"माहीत आहे मला." ती बागेकडे बघत होती. "अहो, ती जायचं की नाही हे विचारायला देवापुढे पाऊण तास उभी राहील असं वाटतं तुम्हाला? तिने आपल्याला एका वाक्यात सांगितलं असतं."

"मग काय विचारलं असेल?"

सुमनने पायरीवरच्या चपला पायात सरकवल्या.

दुपारी घरी आल्यावर सदाशिवने एक कागद घेतला आणि वत्सलाने विचारले असू शकतील असे प्रश्न लिहून काढले. क्रूझला जाऊ का? बेंगळुरूला जाऊ का? बेंगळुरूचा निर्णय चुकला का? मैत्रिणी मे महिन्यात कुठे जायचे ठरवत आहेत का? कुणी मुलगा आहे का? हा पाचवा त्याने लिहिला, खोडला आणि पुन्हा लिहिला. सहावा होता, पप्पांना सांगून टाकू का? काय सांगायचे ते त्याला सुचेना, पण प्रश्न शक्य होता. सातवा प्रश्न त्याने लिहायला घेतला आणि 'मी गेल्यावर' इथेच पेन थांबले. कागद त्याने चारदा घडी करून खिशात घातला. प्रश्नांचाही तक्ता करणारा माणूस आपण आहोत, हे पाहून त्याला स्वतःचेच हसू आले आणि ते फार वेळ टिकले नाही.

संध्याकाळी पाववाल्या पोदेराची सायकल भोंगा वाजवत आली. रोजच्यासारखे सहा पाव घेऊन सदाशिव वर आला तेव्हा वत्सला एकटीच टेबलाशी बसून तक्ता वाचत होती. सगळा, पहिल्या रकान्यापासून.

"पप्पा, एक विचारू?"

"विचार."

"तुम्हाला बोट लागते. तुम्ही हळदोण्याच्या फेरीबोटीत खांब सोडत नाही. मग दर्यावर कशाला?"

"बोटीवरून कुणाला उतरून जाता येत नाही," सदाशिव म्हणाला. बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळले.

वत्सला हसायला लागली. "पाच दिवस कोंडून ठेवणार मला?"

"तसं नव्हे गं, बाय." त्याने परडीत पाव नीट लावायला सुरुवात केली. ते नीटच होते. "दोन तू खातेस, दोन मी, एक आई. एक उरतो तो तू संध्याकाळी चहाबरोबर खातेस. जुलैपासून पोदेराला किती सांगायचे ते मला ठरवायचं आहे. तीनच म्हणायचं तर तो विचारणार, काय झालं म्हणून. मग रोज सांगत बसायचं." तो थांबला. "तेवढ्यासाठी बोट."

वत्सलाने तक्त्याची घडी घालायचा प्रयत्न केला, चार कागदांची घडी तिला जमेना, तशी ती अर्धवटच सोडून तिने एक पाव उचलला.

"उद्या सांगते," ती म्हणाली.

"आठपर्यंत."

"माहीत आहे. रकाना चाळीस."

सोमवारी सकाळी सुमनने तिन्हीतली सप्तद्वीप निवडली. कारण विचारल्यावर म्हणाली, एकाहत्तर आहेत आणि देवाची ना नाही, आणखी काय पाहिजे. सदाशिवने बाकीच्या दोन कंपन्यांना नम्रपणे नकार कळवला. सप्तद्वीपचा नियम असा होता, की बारा वर्षांवरच्या प्रत्येक प्रवाशाने आपापल्या फोनवर आलेला अर्ज स्वतः भरायचा आणि शेवटी संमतीची सही करायची. एकाने केलेली दुसऱ्याची चालत नाही. एकाची राहिली तर आठ वाजता केबिन सुटणार. सदाशिवने हा नियम तक्त्यात कुठेच घेतलेला नव्हता. त्याने दहा वाजून पाच मिनिटांनी आपला अर्ज भरला. सुमनने मधल्या सुट्टीत, अकरा पंचवीसला भरला.

वत्सला नऊच्या बसने कॉलेजच्या कागदपत्रांसाठी पणजीला गेली होती. सोबत दोन मैत्रिणी होत्या.

दिवसभरात सदाशिवने प्रयोगशाळेत सात नमुने तपासले आणि एकाचा आकडा दुसऱ्याच्या नावापुढे लिहिला. सहाय्यकाने ते दाखवून दिले तेव्हा त्याने आभार मानले. दुपारी बाबाजीचा फोन आला. "गेली काय बोट?" त्याने विचारले. बोट बाराला जाते असे सांगितल्यावर म्हणाला, "चेडू येता मां पण?" सदाशिव म्हणाला, लाइन कापली जातेय, दादा.

पाच वाजून दहा मिनिटांनी वत्सलाचा मेसेज आला. 'बोट सोळाला किती वाजता परत येते?'

'सकाळी सात,' सदाशिवने लिहिले. मग त्याला वाटले, एवढेच बरे दिसत नाही. त्याने लिहिले, 'उतरायला नऊ वाजतात. का?' आणि 'का?' खोडून मग पाठवले.

उत्तर आले नाही. सव्वासहाला सुमनने फोन लावला तेव्हा ती बसमध्ये होती, आजूबाजूला गलका होता. "येते गं आई, म्हापशात अडकलोय," असे काहीसे ऐकू आले.

साडेसातला दोघे टेबलाशी बसली होती. सदाशिवच्या समोर कंपनीचे पान उघडे होते. दर मिनिटाला ते नव्याने उघडायची गरज नाही, आपोआप बदलते, हे सुमनने त्याला दोनदा सांगितले. त्याने दोन्ही वेळा हो म्हटले आणि पान नव्याने उघडले.

सात वाजून छत्तीस मिनिटांनी पानावर अशी नोंद होती. परब सदाशिव: सही झाली. परब सुमन: सही झाली. परब वत्सला: अर्ज ७.३१ ला उघडला, सही बाकी. या वेळी सदाशिवने पान नव्याने उघडले नाही; परडीतला सहावा पाव बशीत काढून वत्सलाच्या जागेपुढे ठेवला.